दादाचा डबा आणि वहिनीची मुलाखत

...आणि बरं, एवढं रामायण घडून माणूस म्हणतो काय, तर 'अगं, चालू तर झाला ना?' म्हणजे तुम्हाला सांगतो, आमच्या दादाला जगात दोनच गोष्टी कळतात, वस्तू चालू आहे की बंद आहे. त्या वस्तूपायी घरातली माणसं बंद पडायला आली तरी त्याचं काही नाही.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सकाळी सकाळी कुणावर तडतडतोय. आमचा दादा विमा कंपनीत आहे. तो खाली राहतो, मी वरच्या मजल्यावर, जेवायला मात्र मी खालीच. तर दादाच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढले. ते नसतात का, काउंटरच्या मागे आडवे पडलेले, काळे, चपटे, वर कुणीतरी फायली आणि चहाचा कप ठेवलेला... आकार बुटाच्या खोक्याएवढा आणि वजन विटा भरल्यासारखं? तसले. ऑफिसने सांगितलं, ज्याला हवा त्याने घरी न्यावा. शहाण्या माणसांनी हात जोडले. दादा रिक्षातून मांडीवर घेऊन आला, लहान मूल आणावं तसा. दारातूनच म्हणाला, "ऑफिसचा माल आहे, मरत नाही."

आता वहिनीने मागितलं काय होतं? साधा लॅपटॉप. लग्नाआधी ती एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची, म्हणजे छापायच्या आधी पुस्तकातल्या चुका काढायची, आणि नजर अशी की लग्नाच्या पत्रिकेत आमच्याच आडनावाची चुकलेली वेलांटी तिनेच पकडली होती. मग मुलगी झाली, मग आमच्या आईचं आजारपण, मग 'पुढच्या वर्षी बघू', असं करता करता मुलगी कॉलेजात गेली. आणि आता कुठे एका पाठ्यपुस्तकवाल्यांनी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत घरूनच, पडद्यावर, शिवाय समोर मजकूर देणार आणि तिथल्या तिथे तपासून घेणार, म्हणजे मोबाइलवर भागणार नाही. आणि दादाने आणला हा डबा.

बरं, डब्याच्या पोटात डिस्क नाही, ती ऑफिसने काढून घेतलेली. दादाने नवी आणली, बसवली. आमचा पडदा जोडायला गेला, तर पडद्याच्या वायरचं तोंड वेगळं, डब्याचं भोक वेगळं. मधे जोडायला एक तुकडा आणला. वाय-फाय? ते त्याच्या जन्माच्या वेळी ऑफिसातल्या मशीनला लागतच नव्हतं म्हणे. दुकानातून वाय-फायचं कार्ड आणलं, ते डब्यापेक्षा उंच. झाकणच लागेना. दुकानदार म्हणतो, "साहेब, तुमच्या मशीनला अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं, ते आता मिळत नाही, तुम्ही बाहेरून काडी लावा." म्हणजे ती लायटरएवढी असते ती, बाहेरून खोचायची, वाय-फाय पकडणारी. काडी लावली. दादा म्हणाला, "बघ, ऑफिसचा माल आहे, मरत नाही." अरे, मरत नाही ते ठीक आहे, पण जगतोय कुठे?

आणि गंमत पुढेच आहे. बटण दाबलं की पंखा असा सुरू व्हायचा, जणू घर आता उडणार, आणि पडद्यावर पाटी, 'माझं झाकण उघडलं होतं. पुढे जायचं तर अमुक बटण दाबा.' रोज. दरवेळी. झाकण आम्हीच उघडलं होतं, मान्य आहे, पण एकदा सांगून झालं ना? वहिनी म्हणायची, "अहो, ही तर तुमच्या आत्याच्या वरताण आहे, एकदा झालेलं विसरायलाच तयार नाही." ती पाटी बंद करायला पासवर्ड लागायचा. दादाने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो नाकातून बोलतो, "सर, तो पासवर्ड ज्यांनी टाकला ते नोकरी सोडून गेले, मशीन तेवढी राहिली."

पण एक कबूल करायला हवं, पाटी ओलांडली की डबा पळायचा हो. वहिनी रोज दुपारी त्याच्यावर सराव करायला लागली. अडायचं फक्त त्या काडीचं. टेबल बेडरूममध्ये, वाय-फाय हॉलमध्ये, मधे जाडजूड भिंत. म्हणून दादाने काडीला लांब वायर लावली आणि ती दाराच्या चौकटीवर उंच चिकटपट्टीने डकवली. तिथे झकास चालायची.

मुलाखतीचा दिवस. वहिनी इस्त्रीची साडी नेसून बसलेली, कानाला हेडफोन, पण आवाज आम्हालाही यावा इतका मोठा, कारण डब्याचा पंखा. मला दादाने हॉलमध्ये उभं केलेलं, 'कुणी वाय-फायचा प्लग काढला तर तू जबाबदार.' पडद्यावर एक बाई आल्या, गोड बोलणाऱ्या. "नमस्कार, आवाज येतोय ना?" आणि वहिनी 'हो' म्हणते तोच... चिकटपट्टी सुटली. काडी लोंबकळली. बाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला. दादाने झडप घातली, काडी पकडली, चौकटीला टेकवली. बाई बोलायला लागल्या. हात जरा खाली आला, बाई थिजल्या. हात वर, बाई सुरू. झालं. आमचा दादा, विमा कंपनीचा वरिष्ठ अधिकारी, हात वर करून दारात उभा, आणि बोलायची सोय नाही, आवाज पलीकडे जाईल.

मजकूर तपासून झाला. मग बाईंनी विचारलं, "मधली इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?"

याचं उत्तर दादाने तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. 'घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मी थांबले, आता मी पूर्ण तयार आहे.' वहिनीने ते उत्तर बाजूलाच ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, "कामच करत होते. फक्त ते कुणी तपासलं नाही. मला दरवर्षी परत यायचं होतं. घरात कुणी नको म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू, पण कुणी विचारलंही नाही. यजमानांच्या बढतीच्या प्रत्येक अर्जाचा मजकूर मी दुरुस्त करून दिलाय. सगळे अर्ज मंजूर झाले."

मी दादाकडे बघितलं. हात अजून वरच होता. दुखत असेल, आणि नुसता हातच दुखत होता असं नाही. खाली घ्यावा तर बाई थिजणार, वहिनीचं बोलणं तुटणार. त्याने दुसऱ्या हाताने तो हात धरला आणि तसाच उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून. मी आयुष्यात त्याला इतका वेळ ऐकताना पाहिलं नव्हतं.

मुलाखत संपली. वहिनीने हेडफोन काढले. दादा खांदा चोळत म्हणाला, "तू हे असं... मला कधी बोलली नाहीस."

वहिनी म्हणाली, "तुम्ही कधी इतका वेळ एका जागी उभे राहिला नाहीत."

नोकरी लागली तिला. दादा लगेच म्हणाला, "चल, लॅपटॉप घेऊ, तुला आवडेल तो." तर ही म्हणते, "राहू दे. याच्यावर माझा हात बसलाय. आणि ऑफिसचा माल आहे, मरत नाही, तुम्हीच म्हणाला होतात." दुसऱ्या दिवशी दादाने भिंतीला भोक पाडून हॉलमधून थेट इंटरनेटची जाड वायर ओढून दिली, काडीची भानगडच मिटवली.

आता तुम्हाला वाटेल, छान झालं की, मग हा कुरकुरतोय कशाला? सांगतो ना. संध्याकाळचं वहिनीचं काम असतं, बेडरूमचं दार बंद, आणि स्वयंपाक आता दादाकडे. तो कुकर लावतो, आणि आवाज आत जाऊ नये म्हणून शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद करतो. भात रोज कच्चा. मी, दादा, पुतणी, तिघं तो कडकड चावत बसतो आणि चकार शब्द काढत नाही... बोलणार कसं? आत मीटिंग चालू असते.