एकच बटण

(डिंडोली, सुरत. उद्या रविवारी घरात कानबाई, म्हणजे खानदेशी लोकांची देवी, बसणार. दुपारी ओट्यावर तिघं आहेत: लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, काम करणारे बन्सीलाल, म्हणजे नाना, त्यांची सून उज्ज्वला, आणि शेजारच्या रंभाबाई. उज्ज्वलाच्या हातात गाण्यांचा छोटा प्लेअर आहे, कानात त्याचा इअरफोन.)

उज्ज्वला : नाना, ह्यात आईंचं गाणं नाही.

नाना : काय?

उज्ज्वला : गाणं! आईंचं! नाही!

नाना : ओरडू नको. डाव्या बाजूला ये. उजवा कान नुसता शोभेला आहे. गाणं आहे, पहिलंच आहे. बटण दाब.

उज्ज्वला : दाबलं. खट-खट-खट वाजतंय. पुढचं लावलं, तेही खट-खट. त्याच्या पुढचंही तेच.

रंभाबाई : माय वं! उद्या कानबाई बसनार. आता चार वाजले का बाया येतीन गानं पाठ कराले. आनि तुमच्या बाजात खट-खट?

नाना : वहिनी, थांबा जरा. दे गं इकडे, कानात घाल माझ्या. …हां. हे आपलंच खातं. ऐक, मधूनच लंगडतंय ना? ती कोपऱ्यातली मशीन. शेठला कधीचा सांगतोय, पट्टा बदला म्हणून.

उज्ज्वला : नाना, मशीन राहू द्या. तुम्ही हा प्लेअर खात्यात नेत होतात?

नाना : रोज. खिशाला चिमट्यानं लावून. घरी कधी लावला नाही.

उज्ज्वला : तिथं शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही, हातवारे करून बोलता तुम्ही सगळे. गाणं काय ऐकू येणार?

नाना : ऐकू नाही यायचं. पण चालू असायचं ना. दिवा लागलेला असायचा.

उज्ज्वला : कुठला दिवा?

नाना : लाल.

उज्ज्वला : चालू कसं करायचात, जरा करून दाखवा.

नाना : त्यात काय दाखवायचं? एकच तर बटण आहे. हे असं दाबायचं. दाबून धरायचं. लागला बघ लाल दिवा.

उज्ज्वला : अरे बापरे. नाना, हातच लावू नका! नुसतं टिचकीसारखं दाबलं की गाणं लागतं, तेव्हा हिरवा दिवा. धरून ठेवलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, तेव्हा लाल दिवा. तुम्ही रोज खातं रेकॉर्ड करत होतात!

नाना : टिचकीनं कधी मोटर उचलते का? आमच्या स्टार्टरचं बटण दाबून धरावं लागतं. आणि बोर्डावर लाल दिवा लागला म्हणजे लाईट आली. आयुष्यभर असंच चाललंय.

उज्ज्वला : हे काय लूमचं मशीन आहे?

रंभाबाई : पन नवं रेकॉर्डिंग झालं तर झालं. जुनं कुठं गेलं?

उज्ज्वला : ह्यात जागा थोडी आहे, मावशी. भरली की हे आपोआप जुनं पुसतं आणि त्यावर नवं घेतं. सगळ्यात जुनं आईंचंच होतं.

रंभाबाई : म्हंजे उषाचा आवाज…

उज्ज्वला : गेला. नाना, ऐकलंत का? आईंचा आवाज…

नाना : ऐकलं. हे एवढं नीट ऐकू आलं. परत सांगू नको.

रंभाबाई : पानी आन गं पोरी.

नाना : पाणी नको. मला काही झालं नाही.

रंभाबाई : मले पाहिजे. माझा घसा सुकला. वरीसभर मी सगळ्यांना सांगत होती, उषा गेली पन तिचं गानं शे, बन्सीभाऊच्या बाजात शे.

उज्ज्वला : ह्यांनी किती वेळा म्हटलं होतं, नाना, मोबाईलमध्ये घेऊन ठेवू. तुम्ही स्वतःच्या मुलाला, ललितला, हात लावू दिला नाही.

नाना : मोबाईलमध्ये घेतलं असतं तर दिवस मावळायच्या आत उधन्यापासून चलथाणपर्यंत फिरलं असतं. सकाळी उठून लोक एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात, त्यात तिचं गाणं घालायचं होतं का?

उज्ज्वला : पण राहिलं तरी असतं!

नाना : मोबाईल कानाला लावला की शेठचा फोन येतो. ह्या डबीला फोन येत नाही, हा एक फायदा. वजन नाही. खाली पडली तरी फुटत नाही, दोनदा तर खात्यात मशीनखाली पडली होती. एकदा चार्ज केली की चालतच राहते.

उज्ज्वला : चालतच राहते, म्हणून तर घोटाळा झाला. स्क्रीन नाही, काय चाललंय ते दिसत नाही. कुठलं गाणं लागेल कळत नाही. एका बटणावर चार कामं. आणि इअरफोन तर एकाच बाजूनं वाजतो.

नाना : मला कान तरी कुठे दोन आहेत? आम्ही दोघं एकमेकांना शोभत होतो.

रंभाबाई : आनि घेतला कोनी होता हा बाजा? उषानंच ना?

नाना : तिनंच. चौटा बाजारातून. साड्यांचे धागे कापत बसायची, तेव्हा ऐकायला. दुकानदार मोठा, चांगला दाखवत होता. ही म्हणाली, महागाचा घेतला तर जपत बसावं लागेल, मग ऐकायचं कधी?

उज्ज्वला : आई पण ना!

रंभाबाई : ते सगळं खरं. पन उद्या काय गायाचं? बाकी गानी आम्हाले येतात. उषाचं गानं उषालेच येत होतं. आम्ही मागून नुसतं 'कानबाई माय उनी' म्हनायचो. मधली नावं तीच घाले. दरसाल एखादं नवं.

उज्ज्वला : तुम्हाला थोडंसुद्धा आठवत नाही, मावशी?

रंभाबाई : सुरुवात येते. कानबाई माय दारशी उनी, मग दार कोन उघडी, पाट कोन मांडी, पाय कोन धुई. पुढं एकेकाचं नाव, एकेकाले काम. तेवढ्यात चहा येई.

नाना : चहा आला की वहिनींचं लक्ष गाण्यात राहत नसे.

रंभाबाई : बोला, बोला. गानं पुसनाऱ्यानं बोलूच नये.

उज्ज्वला : एक मिनिट. गप्प बसा दोघं.

रंभाबाई : काय व्हयनं?

उज्ज्वला : ह्या खट-खटीत कोणीतरी बोलतंय.

नाना : खात्यात कोणी बोलत नाही. बंद कर ती डबी.

उज्ज्वला : बोलतंय. मोठ्यानं. चिमट्यानं खिशाला लावलेली, म्हणजे तोंडाच्या अगदी जवळ… नाना, हे तुम्ही आहात!

नाना : मी नाही.

उज्ज्वला : 'उषा, आज तुझ्या सुनेनं शेवभाजी केली होती. शेव चांगली होती. शेव दुकानची होती.'

रंभाबाई : हाय हाय हाय!

उज्ज्वला : नाना, त्या दिवशी तुम्ही मला झकास म्हणालात! दोनदा वाढून घेतलीत!

नाना : शेव दोनदा घेतली. बंद कर म्हणतो ना.

रंभाबाई : नको गं, चालू ठेव. माझ्याबद्दल काही शे का?

उज्ज्वला : थांबा, ऐकते… 'ललितला टेंपोचं काम लागलं, पण पोरगं जेवायला वेळेवर येत नाही.' …'रंभावहिनीची कंबर धरलीये, पण जिभेला काही झालं नाही.'

रंभाबाई : बन्सीभाऊ!

नाना : वहिनी, तिथं काही ऐकू येत नाही. स्वतःचंही नाही. शेजारचा गोपाल भजन म्हणतो, पलीकडचा बायकोला शिव्या देतो, कोणाला कोणाचं कळत नाही. मशीन चालू असताना प्रत्येक जण काही ना काही बोलतोच. मी तिच्याशी बोलायचो. त्यात काय एवढं?

रंभाबाई : काही नही. बोलत जा.

उज्ज्वला : नाना, आता तुम्ही गाताय.

नाना : मला गाता येत नाही.

उज्ज्वला : गाता येत नाहीच, ते ऐकू येतंय. पण गाताय. मावशी, हे धरा. हेच का?

रंभाबाई : दे. …चूप. …माय वं. हेच शे. 'दार उघडी ललित, पाट मांडी उज्ज्वला…' बन्सीभाऊ, हे उषाचंच शे! तुम्हाले सगळं पाठ शे!

नाना : पाठ नाही. धागे कापताना ती म्हणायची, तेव्हा मी तिथंच पाळीवरून येऊन झोपलेलो असायचो. कानात पडलं असेल.

रंभाबाई : कोनत्या कानात?

नाना : तेव्हा दोन्ही होते.

उज्ज्वला : पण चाल ही नव्हती ना, मावशी? आईंची चाल संथ होती.

रंभाबाई : चाल लूमची झाली. खट-खट, खट-खट. बाया नाचतीन ह्याच्यावर. पुढचं ऐकू दे… 'रंभाबाई बसी-बसी चहा पिई.' हे उषानं रचेल शे का तुम्ही?

नाना : ते तिचंच. शपथ.

रंभाबाई : दरसाल मी चहाले उठे, तेव्हा बाया मागून हसत काबर, ते आज कळलं. बरं, पुढं. 'घरधनी भरी-भरी पानी आने'… खोटं! एकदम खोटं!

नाना : काय खोटं?

रंभाबाई : तुमचं नाव ती घेत नसे, घरधनी म्हने. पन हे तिचं नही. ऐकलं तसं मले आता याद उनं. ती म्हने, 'घरधनी नुसता खाटवर पडी.' पानी कुठून आलं?

उज्ज्वला : नाना! गाणं बदललंत?

नाना : एवढी एकच ओळ. वर्षभर मीच भरतोय ना पाणी? बघ विचारून तिला.

उज्ज्वला : कोणाला?

नाना : …नळाला. पुढं चालव.

रंभाबाई : पोरी, हे आता मोबाईलमध्ये घे. आधी घे, मग दुसरं काम.

उज्ज्वला : घेते. द्या इकडे, आधी शेवटपर्यंत ऐकून घेते. ह्यांना फोन करून केबल आणायला सांगते. नाना, नवा प्लेअरही आणायला सांगू? स्क्रीनवाला?

नाना : नको. ह्यालाच त्या बटणापाशी काहीतरी खूण कर. नेलपॉलिशची.

उज्ज्वला : आणि खात्यात?

नाना : खात्यात नेणारच. तुझं घेऊन झालं की.

रंभाबाई : बन्सीभाऊ, चार वाजत आले. बाया येतीन. पुढं तुम्ही म्हना, मागून आम्ही म्हनू.

नाना : बायकांच्या गाण्यात मी?

रंभाबाई : पडद्यामागं बसा. नही तर खाटवर पडा, गान्यात तसंच शे.

उज्ज्वला : मावशी, एक राहिलं. मी शेवटपर्यंत ऐकलं. ललित आहे, मी आहे, तुम्ही आहात, नाना आहेत. समोरचे किसनकाका, त्यांची म्हैससुद्धा आहे. आई कुठं आहेत?

रंभाबाई : ती कशी राहील? ती गाये ना. गानारी स्वतःचं नाव घालत नही.

उज्ज्वला : म्हणजे दार उघडायला, पाट मांडायला, पाणी आणायला सगळे आहेत आणि आईंना काहीच काम नाही? खरं तर सगळं त्याच करायच्या.

रंभाबाई : खरं शे.

उज्ज्वला : नाना?

नाना : ऐकलं. दे ती डबी. कशी म्हणालीस? टिचकी नाही, दाबून धरायचं?

उज्ज्वला : हो. पण आधी मोबाईलमध्ये घेऊ द्या, नाहीतर हेही पुसलं जाईल. काय रेकॉर्ड करायचंय?

नाना : अजून काही नाही. उषाचं कडवं रचायचं राहिलंय.