बाबांची बिचारी मशीन

भिया, आमच्या बाबांचं ऐक. पीथमपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, परवा नातीबरोबर कार्टून पिक्चर बघत बसला. त्यात एआयवाली मशीन सगळ्यांचं घर चालवते, पण तिचं कुणी ऐकत नाही, म्हणून ती सगळ्यांना कोंडते. शेवटी तिला बंद करतात. बाबांच्या डोळ्यांत पाणी!

"बिचारी! इतकी वर्षं एक सुट्टी नाही, आणि जाताना साधं शाल-श्रीफळ नाही. उलट व्हिलन ठरवली!"

महिनाभर आई त्यांना सांगतेय, नळ गळतोय. हे ऐकून ती उठली, बाहेर गेली आणि दाराला कडी घातली.

बाबा ओरडले, "अगं, हा तर सरासर जुलूम आहे!"

बाहेरून आई म्हणाली, "अहो, मशीन कोंडते तेव्हा बिचारी, आणि बायको कोंडते तेव्हा जुलूम? आधी प्लंबरला फोन लावा!"