वळणावर अडकणारं स्टिअरिंग

आपल्या गाडीचं काम होईपर्यंत ती गॅरेजच्या बाकावर बसून होती. समोर मिस्त्री एका जुन्यापुराण्या ट्रकखालून बाहेर आला. ट्रकवाल्या बाई शेजारीच उभ्या होत्या.

“ताई, हा स्क्रू कोणी आवळला?”

“मीच. स्टिअरिंग फार मोकळं फिरायचं. म्हटलं, ऐंशी वर्षांच्या बाबांच्या हाती द्यायचं तर घट्ट असावं.”

“घात केलात! ट्रक धावतो बहुतेक सरळ, म्हणून स्टिअरिंगच्या पेटीतल्या दातेरी चाकाचे मधले दात झिजतात. कडेचे नव्यासारखे राहतात. मधल्यांच्या मापाने आवळलं, की वळणावर कडेचे अडकणारच.”

“अडकलंच. बाबांना वळवता येईना. खाली उतरले, स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, संपलो मी. तेव्हापासून ट्रककडे फिरकले नाहीत.”

“अहो, त्यांच्या हातांचा काय दोष? दातेरी चाकांची ती झिजलेली जोडी बदलतो, लोण्यासारखं फिरेल.”

“दोष ट्रकचाच आहे, हे मी शंभरदा सांगितलं. म्हणतात, पोरी, माझी समजूत घालू नकोस.”

“मग आज मी काही खोलत नाही. आधी त्यांना बोलवा.”

“असा अडकलेला ट्रक दाखवायला?”

“तर! आधी तुम्ही फिरवा, मग मी फिरवतो. आपल्या दोघांनाही घाम फुटलेला बघू दे त्यांना.”

“मॅडम, तुमची गाडी तयार आहे,” कोणीतरी बाकापाशी येऊन सांगितलं. तिने मान हलवली, पण उठली नाही.

बाईंनी फोन लावला होता.

“बाबा, ऐका ना. इथे मिस्त्रींनाही वळत नाहीये. तुम्ही येऊन बघता का जरा?”