फुगलेला साचा

माझ्या एमडीएफच्या साच्याचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. शिकून बालाघाटला परतलो आणि इथल्या शाळांना इथेच बनलेली बाकं द्यायची, या जिद्दीनं वर्कशॉप काढलं. फळ्यांना एकसारखी भोकं पाडायला मे महिन्यात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, फळीचा साचा कम्प्युटरच्या मशीनवर कापून घेतला. ऑगस्टमध्ये परसवाड्याच्या शाळेला चाळीस बाकं द्यायची होती, तेव्हा फळ्यांची भोकं लोखंडी पायांच्या भोकांशी जुळेनात. मी आमच्या सुतारकाकांवर घसरलो.

"काका, ड्रिल तिरपं धरलंत."

"मले काहून बोलून राह्यला, बाबू? आधी साचा मोज."

मोजला. पावसाळी दमटपणानं लांबीत दोन मिलिमीटर वाढला होता.

"आधी सांगायचं ना."

"दोनदा सांगतलं. तू म्हनला, कम्प्युटरवर कापला हाय."

मी ऑर्डर सोडली नाही. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचा नवा साचा केला. आम्ही दोघांनी चुकलेली भोकं खुंट्या ठोकून बुजवली, पुन्हा पाडली. ठरल्या दिवशी चाळीसही बाकं परसवाड्याला गेली.

"काका, हा साचा पावसात फुगणार नाही."

"हौ," काका म्हणाले. "आता उन्हात नको ठेवू."