हातावरची पट्टी

वनमाला : चोर आहेत तुमचे वरचे, ते फुटबॉल संघटनेवाले, भार्गव सर. चोर. दुसरीचा गुन्हा माझ्या पोट्टीच्या अंगावर घातला, अन् आता तुमाले धाडलं, की जा, तिच्याच तोंडून वदवून आणा.

भार्गव : ताई, मला बसू तर द्या.

वनमाला : बसा न. खुर्चीवर थोडाच राग आहे माझा.

भार्गव : मला कोणी धाडलेलं नाही. मी टीमचा सहायक कोच असलो तरी आधी सोनियाचा कोच आहे. ती एवढीशी होती तेव्हापासून मी तिला...

वनमाला : म्हणूनच तुमाले धाडलं. दुसरा कोणी आला असता तर दारातूनच वापस गेला असता. नाही तर चौबे कॉलनीतून पुरानी बस्तीत रायपूरच्या एवढ्या उन्हाचं कोण येते?

सोनिया : सर, कूलर बंद करू का? व्हिडिओत आवाज येईल.

वनमाला : चालू राहू दे कूलर. व्हिडिओ-गिडिओ काही होत नाही इथं.

सोनिया : आई, एक मिनट का तो है.

वनमाला : काय बोलाचं आहे त्या एका मिनिटात? सांगा न सर, मलेही ऐकू द्या.

भार्गव : साधंच आहे. तिनं एवढंच म्हणायचं. आशियाई स्पर्धेच्या क्वार्टर फायनलमध्ये गोललाइनवर बॉल मी हातानं अडवला. रेफरीनं मला रेड कार्ड दाखवलं ते बरोबर होतं. माझ्यामुळे समोरच्यांना पेनल्टी मिळाली, माझ्यामुळे आपण बाहेर पडलो. मी देशाची माफी मागते. संपलं.

वनमाला : संपलं. अन् हात तिचा नव्हताच, त्याचं काय?

भार्गव : ते सिद्ध झालेलं नाही.

वनमाला : सोनू, लाव ते.

सोनिया : सरांनी पाहिलंय, आई. सगळ्यांनी पाहिलंय.

वनमाला : माझ्यासमोर पाहू दे.

(फोनवर क्लिप लागते. प्रेक्षकांचा आरडाओरडा, मग शिट्टी.)

वनमाला : हे. थांबव इथं. गोलामागं बसलेल्या कोण्या पोट्ट्यानं मोबाईलवर काढलं हे. पोरींची गर्दी आहे, साऱ्याईचे केस सारखे, कपडे सारखे, मानलं. पण हा वर आलेला हात पाहा. दंडावर काय आहे?

भार्गव : क्लिप फार हलतेय, ताई.

वनमाला : पिवळी पट्टी आहे. कॅप्टनची. माझ्या पोट्टीले कोनं कॅप्टन केलं होतं? तुम्ही केलं होतं का?

भार्गव : वरच्यांचं म्हणणं आहे की क्लिपमध्ये काहीतरी केलेलं आहे. मूळची नाही ती.

वनमाला : वरचं राहू द्या. तुम्ही तिथं बाकावर बसले होते. तुमाले काय दिसलं?

भार्गव : गर्दी होती. सगळं एका क्षणात झालं. आणि त्या मॅचला टीव्हीवर परत तपासायची सोयच नव्हती. ती सेमीफायनलपासून ठेवली होती.

वनमाला : म्हणजे सेमीपासून खरा न्याय, तोवर अंदाजपंचे.

भार्गव : नियम मी केलेले नाहीत.

वनमाला : तुम्ही काहीच केलेलं नाही, सर. तेच तर म्हणून राहिली मी. परवा गोल बाजारात गेली, फॉल-पिकोच्या साड्या आणाले. दुकानात नवी बाई कामाले लागली. शेठ तिले म्हणते, ये वही हाथ वाली की मम्मी हैं. हाथ वाली! साऱ्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात आता हेच नाव आहे तिचं. हिचे बाबा रेल्वेच्या वॅगन शॉपमध्ये डबा घेऊन मशीनमागं बसतात, एकटे. मॅचच्या दिवशी त्याच लोकाईनं आमच्या टीव्हीपुढं बसून पोहे खाल्ले होते.

भार्गव : म्हणून तर म्हणतो. माफी मागितली की लोक विसरतात. सगळेच दमलेत आता या वादानं.

सोनिया : मोठे कोच बी दमले का, सर? पहिल्या दिवशी प्रेसवाल्यांसमोर टेबल ठोकून म्हणाले, रेफरी ने लूट लिया. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खिलाड़ी में अनुशासन नहीं. रात भर में क्या हो गया?

भार्गव : पत्रकारांनी तोडूनमोडून छापलं.

सोनिया : कॅमेऱ्यावर बोलले ते. छापायचं काय त्यात?

वनमाला : तिकडचा कोच बरा मंग. जिंकूनसवरून म्हणाला, भलतीच पोरगी बाहेर जाताना मी पाहिली, पण ते सांगणं माझं काम नव्हतं. दुश्मनाले दिसलं. आपल्याईले नाही दिसलं.

भार्गव : ताई, मैदानावर रेफरी जे देईल ते अंतिम असतं. पुढे कोणी काही करू शकत नाही.

सोनिया : असं नाही, सर. तुम्हीच शिकवलं होतं. बाकी सगळं अंतिम, पण कार्ड भलत्याच खेळाडूला गेलं असेल तर अपील होते. तेवढ्या एकाच गोष्टीत होते.

भार्गव : हो. शिकवलं होतं.

सोनिया : त्याच रात्री मी मोठ्या कोचच्या रूमवर गेले होते. म्हटलं, सर, मैं नहीं थी. सकाळपर्यंत अपील करता येत होतं. ते म्हणाले, सो जाओ बेटा. तुम्ही दारात उभे होते.

भार्गव : होतो.

वनमाला : अन्?

भार्गव : अन् काय, ताई? अपील केलं असतं तर ते कार्ड तिच्यावरून उतरून दुसरीवर गेलं असतं.

वनमाला : कोणत्या दुसरीवर?

भार्गव : जी असेल तिच्यावर.

सोनिया : देवयानी दीदीवर. कॅप्टनवर.

वनमाला : तू नको घेऊ नाव. त्याईले घेऊ दे.

भार्गव : हे बघा, तिची परदेशातल्या एका क्लबशी बोलणी चालू होती. आपल्याकडच्या मुलीला असं कधी मिळत नाही. पोस्टर तिचं, जाहिरात तिची, स्पॉन्सर तिच्यामुळे. तिच्यावर डाग आला असता तर अख्ख्या टीमचं...

वनमाला : म्हणजे माहीत होतं तुमाले.

भार्गव : मी तसं म्हटलं नाही.

वनमाला : नाही म्हटलं. तुम्ही म्हणतच नाही काही. अन् तू गं? तुले तोंड नव्हतं? ऑटोवाल्याशी भांडते तवा साऱ्या गल्लीले गोळा करते. अन् तिथं कार्ड दाखवलं अन् खाली मुंडी घालून चालली! मी इथं टीव्हीपुढं ओरडून राहिली, अवं बोल, बोल तिले!

सोनिया : आई, रेफरी मॅडमनं मले विचारलं होतं.

वनमाला : काय विचारलं?

सोनिया : कार्ड काढायच्या आधी. बोट दाखवून म्हणाली, यू? तिलेबी नक्की माहीत नव्हतं. चेहऱ्यावरच दिसत होतं तिच्या. म्हणून परत विचारलं.

भार्गव : सोनिया, हे सांगायची काही गरज नाही.

वनमाला : तुम्ही थांबा. मंग? तू काय केलं?

सोनिया : मान हलवली.

वनमाला : हो म्हणून?

सोनिया : हव.

वनमाला : काहून?

सोनिया : देवयानी दीदी पाठीमागं उभी होती. कानात म्हणाली, तू जा. पेनल्टीवर गोल झाला तरी मी मैदानात राहिले तर बरोबरी होईल. मैच के बाद मैं खुद सबको बता दूंगी. मले बरोबरच वाटलं, आई. मी डिफेन्सवाली. गोल कौन करता, मैं? म्हणून गेले. कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी राहून नुसतं पाहात होते, की दीदी एक मारेल. एकच. नाही मारला.

वनमाला : अन् मॅच संपल्यावर सांगतलं तिनं?

सोनिया : रडत होती ती. सगळ्याच रडत होत्या. मग बसमध्ये कानाले हेडफोन लावून झोपली. आता फोन नाही उचलत.

वनमाला : भोळी म्हणाव तुले का भयताड म्हणाव? इतके दिवस मलेही नाही सांगतलं.

सोनिया : सांगितलं असतं तर तू अशीच पाहिली असती माझ्याकडे. आत्ता पाहून राहिली तशी.

भार्गव : ताई, आता हे निघालंच आहे तर माझं एक ऐका. त्या रेफरीचाही विचार करा. तिला उरलेल्या स्पर्धेतून काढून टाकलं. लोक तिच्या मुलांचे फोटो शोधून त्याखाली नको ते लिहितायत. आपल्याकडचेच लोक. आणि रेफरीला स्वतःची बाजू मांडायची परवानगी नसते. सोनियानं कबूल केलं, तर तिचा निर्णय बरोबर ठरतो. एका बाईचं नाव स्वच्छ होतं.

वनमाला : वा! आता त्या बाईचा पुळका आला.

भार्गव : पुळका नाही, माणुसकी.

वनमाला : मंग पोट्टीले खरं सांगू द्या न. रेफरीनं मले दोनदा विचारलं, मीच हो म्हटलं, चूक तिची नाही. त्यानंही त्या बाईचं नाव साफ होते का नाही? मंग तुमाले खोटंच काहून पाहिजे?

भार्गव : ताई...

वनमाला : बोला न. एवढे शिकलेले आहा.

भार्गव : कारण खरं सांगितलं तर ती फसवणूक ठरते. रेफरीला फसवलं. मग देवयानीवर बंदी, टीमवर कारवाई, पुढच्या स्पर्धेत पाठवायचं की नाही यावर चर्चा. सगळ्या पोरींचं नुकसान. आणि मान कोणी हलवली? सोनियानं. म्हणजे फसवणुकीत तीही आली. खोटं बोलली तर निदान टीमच्या पुढच्या कॅम्पच्या यादीत नाव राहील तिचं.

वनमाला : कोण म्हणते राहील?

भार्गव : वरून सांगितलंय.

वनमाला : वरून कोनं? त्याले बाप-आजा, नाव-गाव आहे का नाही? का देव आहे?

भार्गव : वरून, ताई. मलाही यापेक्षा जास्त सांगत नाहीत. फोन येतो, मी हो म्हणतो. माझाही करार दरवर्षी तेच करतात.

वनमाला : आता आलं खरं बाहेर. इतकुसंच आलं, पण आलं.

सोनिया : आई, बस कर. सरांना बोलून काय होणार? आपल्या इथला चॅनलवाला भैया आला होता न? त्याले मी सांगितलं सगळं. पट्टीचं सांगितलं, अपीलचं सांगितलं. काय दाखवलं त्यानं? मी गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली ते. खाली लिहिलं, सदमे में सोनिया. जाताना विचारून गेला, थोडा रो सकती हैं क्या?

वनमाला : मंग दुसऱ्याले सांगू. पेपरात जाऊ.

सोनिया : पेपरवाले म्हणतील, क्लिप खोटी आहे असं वरून कळवलंय. वापस तिथंच. कॅम्प नाही मिळाला तर रेल्वेच्या खेळाडू भरतीत कोण उभं करणार मले? मग काय करू, फॉल-पिको?

वनमाला : फॉल-पिकोनंच तुझे बूट आले.

सोनिया : मालूम है. म्हणूनच म्हणून राहिले.

वनमाला : म्हणजे तू करणार.

सोनिया : हव.

वनमाला : माझ्या घरात नाही.

सोनिया : ठीक आहे. गच्चीवर जाते. चला, सर.

वनमाला : ... थांब. पाय भाजतील गच्चीवर. इथंच कर. कूलर मी बंद करते.

भार्गव : त्या भिंतीपुढे उभी राहा. मागे कॅलेंडर नको. हं. बोल.

सोनिया : मैं सोनिया लांजेवार, रायपुर से. जर्सी नंबर चौदह. क्वार्टर फाइनल में गेंद मेरे हाथ को लगी थी. रेफरी मैडम का फैसला सही था. टीम मेरी वजह से हारी. मैं माफी मांगती हूं.

भार्गव : ‘पूरे देश से’ राहिलं. आणि ‘हाथ को लगी’ नको, ‘मैंने हाथ से रोकी’ असं पाहिजे. त्यांनी तसंच सांगितलंय.

वनमाला : शब्दही त्याईचेच.

सोनिया : मैंने हाथ से रोकी. ठीक है. लावा परत.

भार्गव : मान थोडी खाली. चालू.

सोनिया : मैं सोनिया लांजेवार, रायपुर से. जर्सी नंबर चौदह. क्वार्टर फाइनल में गेंद मैंने हाथ से रोकी. रेफरी मैडम का फैसला सही था. टीम मेरी वजह से हारी. मैं पूरे देश से माफी मांगती हूं.

भार्गव : छान.

वनमाला : छान म्हणाले तुम्ही.

भार्गव : सवयीनं निघालं, ताई. मैदानावरचं.

सोनिया : पाठवा.

भार्गव : घरी जाऊन पाठवतो. नेट बरं आहे तिथे.

सोनिया : इथूनच पाठवा. माझ्यासमोर.

भार्गव : ... गेला. पाहिलाही त्यांनी.

सोनिया : कॅम्पचं काय म्हणतात?

भार्गव : टाइप करतायत.

वनमाला : काय लिहिलं?

भार्गव : देखते हैं.

वनमाला : अजून?

भार्गव : एवढंच. मी विचारीन परत. मी स्वतः विचारीन, ताई, शब्द आहे माझा. येतो मी. उशीर झाला.

सोनिया : सर, फोन बंद करा.

भार्गव : काय?

सोनिया : पूर्ण बंद. आई, दार लोट. आता कोणी ऐकत नाही, सर. तुमचे वरचे नाहीत, चॅनलवाला नाही, पारा नाही. मी तुमच्यासाठी साऱ्या देशासमोर खोटं बोलले. तुम्ही कोणालाच काही नका सांगू. फक्त मले सांगा.

भार्गव : सोनिया, आता त्याचा काय उपयोग?

सोनिया : उपयोगाचं कोण विचारून राहिलं? तुम्ही बाकावरून उठून उभे झाले होते, मी पाहिलं तुमाले. हात कोणाचा होता, सर?