नवशिक्यांसाठी हेच बरं

ताई : एकवीस दिवस, भाऊ! रोज तासभर या काळ्या धोंड्याशी डोकं फोडतेय. हे बघ, बोटाला घट्टा पडला. घे तुझं कुलूप.

भाऊ : हळू ठेव. काउंटरची काच फुटेल.

ताई : फुटू दे! जरासं फिरतं आणि अडतं. दरवेळी वाटतं, उघडलं. उघडतंय कसलं डोंबल!

भाऊ : तरी मी म्हटलं होतं, साठीनंतर कुठे किल्लीविना कुलपं उघडायचे नाद करतेस? इतकी वर्षं ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांच्या हातात कात्र्या दिल्यास, आता आराम कर की.

ताई : कात्र्या देणारीचा हात थरथरत नाही, कळलं? आणि ते पारदर्शक कुलूप मी उघडलं होतं की नाही, दहा मिनिटांत?

भाऊ : खेळणं ते. आतल्या पिना दिसतात. डोळ्यांनी उघडलंस, बोटं अडाणीच राहिली.

ताई : म्हणून तर तुझ्याकडे आले. म्हटलं, घरचा माणूस, जन्म कुलपांत गेला, सरावाचं चांगलं निवडून देईल. तूच म्हणालास, ‘नवशिक्यांसाठी हेच बरं.’

भाऊ : म्हणालो असेन.

भावजय : असेन काय? म्हणालात. मी इथेच किल्ल्या लावत होते.

भाऊ : तू मधे पडू नकोस.

भावजय : एकवीस दिवस नाहीच पडले. वन्सं, परवा एक शाळेतल्या बाई आल्या होत्या, त्यांनाही हाच छंद लागलाय. त्यांना ह्यांनी काय दिलं माहितीये? साधं पितळी, मधल्या मापाचं, चार पिनांचं. वर स्वतः खोलून तीन पिना काढून दिल्या. म्हणाले, ‘एकीवर हात बसला की दुसरी घाला, मग तिसरी. अगदी हलकं घेऊ नका, ते नुसतं हलवलं तरी उघडतं. आणि दाराचं वापरातलं तर कधीच नको, बिघडलं तर बाहेर बसाल.’

ताई : इतकं सगळं सांगितलं? आणि मला?

भावजय : तुम्हाला दिलं ना, त्याच्याशी ह्यांनाच अर्धा दिवस झटताना पाहिलंय मी.

भाऊ : अर्धा दिवस नाही. दोन तास.

ताई : भाऊ?

भाऊ : त्याच्या पिना मधे बारीक आहेत. डमरूसारख्या. चोर फसावा म्हणून तशा करतात. उघडल्यासारखं वाटतं आणि तिथेच अडकतं.

ताई : म्हणजे मुद्दाम दिलंस.

भाऊ : मुद्दाम.

ताई : अरे, मला वाटलं माझे हातच गेले! परवा रडले मी बसून. कुलूप उघडायच्या सगळ्या सळया केराच्या बादलीत टाकल्या होत्या.

भाऊ : टाकाव्यास असंच वाटत होतं मला.

ताई : का? काय घोडं मारलंय मी तुझं?

भाऊ : त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकं होती. तू ते खेळणं नाचवत आलीस, ‘दहा मिनिटांत!’ समोरचा शिंपी लगेच म्हणाला, ‘बापाचाच हात आलाय हो ताईंकडे.’ चाळीस वर्षं मी इथे बसलोय. मला म्हणालं कुणी कधी?

ताई : शिंपी काहीतरी बरळला, त्याचा राग माझ्यावर?

भाऊ : एकट्या शिंप्याचं असतं तर सोडून दिलं असतं. बाबाही तेच म्हणायचे. माझ्याकडून अडलं की हातातून काढून घ्यायचे. ‘पोरीला बसवायला हवं होतं इथे. तिची बोटं ऐकतात, तुझी नुसती ढकलतात.’ तू नर्सिंगला गेलीस, सासरी गेलीस, पण या दुकानातून काही गेली नाहीस. स्टुलावर मी आणि कौतुक तुझं! जळायचो मी, ताई. अजून जळतो, साठीला टेकलो तरी.

भावजय : अगं बाई! एवढं तर मलाही कधी सांगितलं नाहीत.

ताई : बाबा म्हणायचे? माझ्याबद्दल?

भाऊ : आता उगाच नाटक नको.

ताई : नाटक कसलं रे? मी दारात आले की ‘आत जा, आईला मदत कर,’ एवढंच ऐकलंय मी. तुला जवळ घेऊन, हातावर हात ठेवून शिकवायचे. मी पडद्याआडून बघायचे आणि चरफडायचे. तुझी नवी कानस हरवली होती ना? मीच गटारात टाकली होती.

भाऊ : तू? त्यापायी मार खाल्लाय मी!

ताई : माहितीये. बरं वाटलं होतं मला.

भावजय : शाबास! एकाच माळेचे मणी दोघं.

भाऊ : तुला खरंच कधी बोलले नाहीत?

ताई : एकदाही नाही. आजारपणात चार महिने मी उशाशी होते. तेव्हाही नाही.

भाऊ : मला तर रोज ऐकवायचे गं. जेवतानासुद्धा.

ताई : मग तू तरी सांगायचंस.

भाऊ : कसं सांगणार? तेवढं एक तुला कळू द्यायचं नव्हतं मला.

(भाऊ फळीवरून एक पितळी कुलूप काढतो आणि खोलू लागतो.)

भाऊ : हे घेऊन जा. एकच पिन ठेवतो आत.

ताई : राहू दे ते जरा. आधी मला सांग.

भाऊ : काय?

ताई : बाबा जे म्हणायचे ते. सावकाश सांग. त्यांच्यासारखंच सांग.