लाइव्ह म्हणजे जिवंत

टाळ जरा मांडीवर घ्या, मायबाप. पेटीवाले, सूर धरून ठेवा, बोटांना विश्रांती. आता मी तुमच्यामध्ये एक प्रश्न ठेवतो, प्रसादाच्या ताटासारखा. ज्याला पचेल त्यानं उचलावा!

बातमी कोणाची असते? जो सांगतो त्याची? जो ऐकतो त्याची? की ज्याच्या घरचं माणूस त्या बातमीत अडकलंय, त्याची?

वा! माना हलल्या! प्रश्न कळला म्हणून नव्हे हो, पंख्याचं तोंड इकडे वळलं म्हणून! असू द्या. गोष्ट ऐका, उत्तर तिच्या पदरात बांधलेलं आहे.

खारेवेळ नावाचं गाव. पाठीला डोंगर, पायाशी दर्या, मध्ये चिंचोळी वाडी. त्या वाडीत तात्या मयेकर राहायचे. सत्तावीस वर्षं परदेशी बोटींवर भंडारी होते. भंडारी म्हणजे कोण? बोटीवरचा स्वयंपाकी! तीस माणसांचं पोट ज्याच्या पळीवर चालतं, तो. कप्तान चुकला तर बोट भरकटते. भंडारी चुकला तर कप्तानच धावत सुटतो. कुठं, ते देवासमोर सांगत नाही!

तात्या घरी परतले ते दोन गोष्टी घेऊन. एक, गुडघेदुखी. दुसरी, एक प्रेम. दचकू नका, काकू! ते प्रेम म्हणजे एक इंग्रजी बातम्यांचं चॅनल. साऱ्या जगाच्या बातम्या देणारं. नाव सांगत नाही; त्यांचाही पाहुणा इथं बसला असेल. संध्याकाळचे सात वाजले की तात्या पडवीत टीव्हीसमोर हात जोडल्यासारखे बसायचे. त्यांची बायको अनसूयाबाई म्हणायची, "अहो, माझ्या तोंडाकडे एवढा वेळ बघितलं असतंत, तर माझ्या कानातलं हरवलेलं तुम्हांला चार वर्षांनी कळलं नसतं!"

पण तात्यांच्या प्रेमाला कारण होतं. पूर्वी बंदरात बोट लागली की ते हे चॅनल बघायचे. कोट घातलेला एक माणूस पावसात, धुळीत उभा असायचा आणि म्हणायचा, "मी इथं उभा आहे. मला हे दिसतंय. पलीकडे काय आहे ते मला दिसत नाही." बास! तात्या म्हणायचे, "ते शेवटचं वाक्य ऐका! दिसत नाही, असं सांगणारा माणूस! मीठ चाखल्याशिवाय वाढणार नाही, असा भंडारी आहे हा!"

आणि आता? आता तोच पडदा, तेच नाव. पण पडद्यावर आठ चौकोन, आठ चौकोनांत आठ मुंडकी, आणि आठही एकदम बोलतात! लग्नाच्या पंगतीत आठ जणींनी एकाच वेळी आपापल्या सुनेची कथा लावावी, तसं!

पडवीत गाव जमायचं. बाबल न्हावी म्हणायचा, "तात्या, तुमचं चॅनल उतरलं हो. पूर्वी आग दिसायची. आता आगीवर बोलणारे दिसतात, आग दिसत नाही!"

रिटायर झालेले तलाठी भाऊसाहेब म्हणायचे, "आणि बातमी सांगणारी ती बाई हसते किती! भूकंप सांगताना हसते, निवडणूक सांगताना हसते. दात चांगले आहेत, मान्य. पण आम्ही काय दातांचे डॉक्टर आहोत?"

"पूर्वी माणूस पाठवायचे," बाबल सांगायचा. "आता खुर्ची फिरवतात. खुर्चीतच अमेरिका, खुर्चीतच आफ्रिका!"

तात्यांना लागायचं. "अरे, उतरलं असेल थोडं," ते म्हणायचे. "पण खोटं नाही बोलणार. मी ओळखतो त्यांना."

ओळखतो! ज्याला तुमचं नाव माहीत नाही, त्याला आपण ओळखतो म्हणतो! हसू नका, देवाच्या बाबतीत तुमचं तेच चाललंय!

आणि एका मंगळवारी, सकाळी चहाच्या वेळी, त्याच पडद्यावर आग लागली. तेलाची मोठी बोट. काळा धूर आभाळाला टेकलेला. खाली बोटीचं नाव आलं, आणि तात्यांच्या हातातली बशी तशीच हवेत राहिली. त्या बोटीच्या इंजिनात तेल-वंगण बघायचं काम करत होता सदाशिव. त्यांचा सदू. एकुलता एक!

दूरच्या दर्यात । पेटे एक बोट ।
काळा धूरलोट । घरोघरी ॥
आई पुसे त्याला । लेक माझा कुठे? ।
धूर फक्त उठे । शब्द नाही ॥

सदूचा फोन बंद. कंपनीच्या कचेरीत फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "माहिती आली की कळवू हं." त्या 'हं'वर माणसानं किती दिवस काढायचे?

मग राहिला टीव्ही. सदूची बायको प्रमिला खांबाला टेकून उभी. अनसूयाबाई अगदी पडद्याला नाक लावून. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिनं विचारलं, "अहो, बोटीच्या वर, कोपऱ्यात, ती तांबडी अक्षरं कसली?"

तात्या म्हणाले, "लाइव्ह."

"म्हणजे?"

आता तात्यांचं इंग्रजी म्हणजे बोटीवरचं. मीठ, मटण आणि शिव्या. त्यांनी शब्दाला शब्द दिला. "लाइव्ह म्हणजे जिवंत."

झालं! माउलीनं हात जोडले. जिवंत! बोटीच्या डोक्यावर लिहिलंय, जिवंत! एवढं मोठं चॅनल, साऱ्या जगाला दाखवतंय, खोटं कशाला लिहील? तिनं उठून हळदीकुंकू आणलं आणि त्या तांबड्या अक्षरांना बोट लावलं! टीव्हीच्या काचेला कुंकू! बाबल न्हाव्यानं तोंड उघडलं, प्रमिलेनं डोळे वटारले, बाबलनं मिटलं.

दोन दिवस ती तिथून हलली नाही. मध्येच आठ मुंडकी आली, त्यांच्याही कोपऱ्यात लाइव्ह. ती म्हणाली, "हे मेले जिवंत आहेत ते कळतंय हो, ओरडतायत किती! माझ्या पोराला दाखवा!"

आणि तात्या? ऐका आता. तात्या भंडारी. उकळी नुसती बघून सांगणारा, आमटी ताजी की सकाळची. बुधवारी दुपारी ते धुराकडे बघत होते. धुराच्या पुढून एक पांढरा पक्षी गेला. बरं. पुन्हा बोट दाखवली. पक्षी गेला. तात्यांनी मनात आकडे मोजले. अकरा म्हटलं की पक्षी. पुन्हा अकरा, पुन्हा पक्षी. दुपारी तोच, दिवेलागणीला तोच, रात्री तोच!

"कालचं आहे हे," ते स्वतःशी पुटपुटले. "कालचं गरम करून वाढतायत." तिथं त्यांचा माणूसच नव्हता! एकदा कुणीतरी काढलेलं चित्र, तेच फिरवत होते, वर तांबडी अक्षरं चिकटवून!

हसताय? मी तरी वेगळं काय करतो? हेच आख्यान गेल्या महिन्यात सात गावांत गरम करून वाढलं! फरक एवढाच, की मी ताजं आहे असं लिहीत नाही!

मग तात्यांनी बायकोला सांगितलं का? नाही. कसं सांगणार? त्या चार अक्षरांवर ती बाई पाणी पीत होती, घास गिळत होती. गप्प बसले. मायबाप, खोटं बोलायला जीभ लागत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळलं.

गुरुवार उजाडला. चॅनलवाल्यांना काय सद्बुद्धी झाली कोण जाणे! त्यांनी खरं लिहायचं ठरवलं. तांबडी अक्षरं गेली. त्या जागी पांढरी आली. अनसूयाबाई किंचाळली, "अहो! बदललं! काय लिहिलंय?"

तात्यांच्या तोंडून गेलं, "फाइल."

फाइल म्हणजे काय हो? त्यांच्या भाषेत, जुनं चित्र, कपाटातून काढलेलं. पण आपल्याकडे? तलाठ्याकडे, कचेरीत, कोर्टात? फाइल कधी होते माणसाची? सगळं संपल्यावर! दोरी बांधतात, आणि वर फेकतात!

"फाइल झाली," ती म्हणाली. एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. पदरानं काचेवरचं कुंकू पुसलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तात्या उठले. गुडघे कुरकुरले, तरी तिच्यासमोर जमिनीवर बसले. आता बघा पेच! फाइल म्हणजे मेला नव्हे, असं सांगायचं, तर लाइव्ह म्हणजे जिवंत नव्हे, हेही सांगावं लागणार. भीती काढायची, तर आशाही त्याच हातानं काढायची!

"अनसूये," ते म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं. लाइव्ह म्हणजे सदू जिवंत, असं नाही. फाइल म्हणजे गेला, असंही नाही. त्यांना काही माहीत नाही. तिथं त्यांचं कोणी नाही. मला कालच कळलं होतं."

"काल?" तिनं मान वळवली. "आणि मला कुंकू लावू दिलंत?"

सत्तावीस वर्षं समुद्र अंगावर घेतलेला गडी, त्या एका नजरेपुढे टिकला नाही.

तेव्हा खांबाजवळून आवाज आला. तीन दिवस न बोललेली प्रमिला. "मामंजी, तिथं त्यांचं कोणी नाही. पण त्या बोटीजवळच्या बंदरात आपलं कोण आहे?"

बघा! एवढ्या गर्दीत पहिला शहाणा प्रश्न! चॅनलनं विचारला नाही, गावानं विचारला नाही. सुनेनं विचारला.

तात्या आठवू लागले. "बंदरात... बंदरात हमीदाबीचा इब्राहिम आहे. टगवर. मोठ्या बोटींना ओढून नेणारी ती छोटी बोट."

हमीदाबी कुठली? खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली. बांधावरून गेलं तर पाव तासाची वाट. तिघंही निघाली. अनसूयाबाई अनवाणी. तात्या मागून लंगडत. ऊन मी म्हणत होतं.

हमीदाबी अंगणात बोंबील उलटत होती. हिला अशी अनवाणी बघून उठली. "अगं अनसूया! ये, ये! आता कसा आहे सदूचा हात?"



"कसला हात?" प्रमिलेनं विचारलं.

"म्हणजे? इब्राहिमचा काल सकाळी निरोप आला होता मोबाइलवर. थांब, ऐकवते." आणि तिनं ओल्या बोटानं बटण दाबलं. वाऱ्याची घरघर, आणि त्यातून इब्राहिमचा आवाज:

"अम्मी, मयेकरांच्या घरी सांग. सदूला मी स्वतः पाण्यातून वर घेतला. डावा हात भाजलाय, कोपरापर्यंत. पाय बरे आहेत. फोन बुडाला. इस्पितळात आहे, जेवण अळणी म्हणून स्वयंपाक्याला शिव्या देतोय. बाकीच्यांचं मला माहीत नाही, मी दोघांनाच बघितलं."

ऐकलंत? 'बाकीच्यांचं मला माहीत नाही!' ज्या वाक्यासाठी तात्यांनी आयुष्यभर त्या पडद्याची पूजा केली, ते वाक्य बोंबलांच्या अंगणात वाजत होतं!

अनसूयाबाईनं ते चार वेळा ऐकलं. मग हमीदाबीच्या गळ्यात पडली, आणि तीन दिवसांचं सगळं तिच्या खांद्यावर मोकळं केलं. रडता रडता म्हणाली, "मेले, अळणी खाऊ घालतायत माझ्या पोराला!"

"पण हमीदाबी," तात्यांनी विचारलं, "कालचा निरोप! आम्हांला सांगितला का नाहीस?"

हमीदाबीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! मयेकरभाऊ, तुमच्या घरी ते जगाच्या बातम्यांचं चॅनल! म्हटलं, जे माझ्या इब्राहिमला कळलं, ते तुम्हांला त्याच्या आधी कळलं असणार. मी अडाणी बाई, शिळी बातमी घेऊन कशाला येऊ?"

पाहिले जयाने । त्याचे ऐका बोल ।
बाकी सारे ढोल । वाजणारे ॥

आता तुम्हांला वाटलं, बुवा चॅनलवाल्यांना झोडणार आणि आपण टाळ्या पिटून घरी जाणार! ते बिघडले, हे बाबल न्हाव्यानं माझ्याआधी सांगितलंय. त्यांना चारचौघांत शिव्या देणं फार सोपं. मला तुमच्याशी बोलायचंय. तुमच्यात हमीदाबी किती?

कोणाच्या मुलीला तुम्ही परवा शहरात बघितलंत, हसत होती, बरी होती. तिच्या आईला सांगितलंत? कोणाच्या रुसलेल्या भावानं तुमच्याजवळ त्याची आठवण काढली. निरोप पोचवलात? नाही! 'कळलं असेल त्यांना. फोन आहेत घरोघरी!' अहो, फोन आहेत. पण तुम्ही डोळ्यांनी बघितलंय ते त्या फोनमध्ये नाही! बातमी ज्याची वाट बघितली जाते त्याच्या घरची असते, आणि ती तुमच्याजवळ अडकून पडलीय!

हरिनाम मी आणि पेटीवाले घेऊ, आम्ही दोघं पुरेसे आहोत. ज्याला आत्ता कोणाचं तरी नाव आठवलं, त्यानं आरतीला थांबू नये. ते बघा, खांबाजवळचे काका उठले. जा काका, जा! चपला सापडत नसतील तर कोणाच्याही घाला, पण जा!